विषय : पुन्हा – ऑक्सफर्डच्या केंद्राला देणगी, हिशेब पाहिला का?

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या शिल्लक रकमेतून ऑक्सफर्ड सेंटर फॉर हिंदू स्टडीजला देणगी द्यायची, असं समितीच्या इतिवृत्तात वाचलं. पण एवढ्या श्रीमंत विद्यापीठाला आपल्या पैशांची काय गरज? आणि द्यायचेच असतील तर शिष्यवृत्तीला द्या, ऑफिसच्या खर्चाला नकोत. खजिनदारकाका, तुम्ही हिशेब पाहिलेत का?

– रेडिंगहून एक सभासद

---

ताई, नमस्कार.

विद्यापीठ श्रीमंत असेल, पण हे केंद्र त्याच्या तिजोरीवर चालत नाही. 1997 साली सुरू झालेली ही स्वतंत्र धर्मादाय संस्था आहे. विद्यापीठाची तिला मान्यता आहे, एवढंच. पगार, ग्रंथालय, जागा, सगळ्याची तजवीज तिची तिलाच करावी लागते आणि त्यात देणग्यांवर मोठी भिस्त असते.

नोंदणीकृत संस्थांचे हिशेब चॅरिटी कमिशनच्या, म्हणजे इथल्या धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, साइटवर कोणालाही वाचता येतात. असे हिशेब वाचताना मी एकूण जमेवर थांबत नाही, पैसे कुठल्या निधीत पडलेत ते बघतो. शिष्यवृत्तीसाठी म्हणून दिलेले पैसे शिष्यवृत्तीलाच वापरावे लागतात, तसा कायदाच आहे. म्हणून ताई, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याशी मी सहमत नाही. शिष्यवृत्तीला देणारे भेटतात, कारण तिला देणाऱ्याचं नाव लागतं. ग्रंथपालाचा पगार आणि हीटिंगचं बिल कोणी द्यायचं? अटीने बांधलेले पैसे धरून बँकेत भरपूर शिल्लक दिसते, पण महिनाअखेरीला पगार कसे करायचे हा प्रश्न, अशी वेळ येऊ शकते. कायम निधीचंही तेच, म्हणजे ज्याचं मुद्दल राखून फक्त उत्पन्न वापरायचं त्याचं. 10 लाख पौंडांच्या मुद्दलातून वर्षाला 4 टक्के काढले तर हातात 40 हजार. पेन्शन धरलं तर एका प्राध्यापकाचाही खर्च त्यात निघत नाही.

अटींवरून एक जुनी गोष्ट सांगतो. ऑक्सफर्डचं संस्कृतचं बोडेन प्राध्यापकपद ज्या पैशावर उभं राहिलं, तो मिळवणारा जोसेफ बोडेन कंपनी सरकारच्या मुंबईच्या फौजेतला अधिकारी. त्याच्या 1811 च्या मृत्युपत्रात हेतू स्पष्ट लिहिलेला होता : हिंदुस्थानातल्या लोकांना ख्रिस्ती करायला इंग्रजांना संस्कृतची मदत व्हावी. पुढे 1860 मध्ये या पदासाठी निवडणूक झाली आणि संस्कृतचा जर्मन अभ्यासक माक्स म्युलर इंग्रज अभ्यासक मोनिअर विल्यम्सकडून हरला. त्या प्रचारात बोडेनचा हेतू पुढे केला गेला होता. देणारा जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्याची अट मतं फिरवत होती. आपण हिंदू म्हणून देतो आहोत, म्हणून आपल्याला हवे तेच निष्कर्ष निघावेत, अशी अट आपणही घालू नये. मला हे फार मनापासून वाटतं. अभ्यासकाला मोकळं ठेवणारा पैसा द्यायचा असेल तर तो बिनशर्तच द्यायला हवा.

आता मंडळाच्या शिल्लकेचं. आपल्या घटनेतल्या उद्दिष्टांत अशी देणगी बसते का, हे विश्वस्तांना आधी तपासावं लागेल. शिवाय मंडळाने दिलेल्या देणगीवर त्यांना गिफ्ट एड, म्हणजे व्यक्तीच्या देणगीवर तिने भरलेल्या करातून सरकार संस्थेला देतं ती भर, मिळणार नाही. तेच तुम्ही स्वतः 100 पौंड दिलेत आणि गिफ्ट एडचा फॉर्म भरलात, तर सरकारकडून त्यांना आणखी 25 मिळतात. फक्त तुम्ही त्या वर्षी निदान तेवढा कर इथे भरलेला हवा.

– खजिनदार

---

काका,

पटलं. गिफ्ट एडचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

माझं माहेर पुण्याचं, भांडारकर संस्था घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून पाठ ठरवण्याच्या कामासाठी, औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी लाख रुपये देऊ केले होते, हे आमच्याकडे नेहमी बोललं जायचं. काम 1919 ला सुरू झालं आणि संपायला 1966 उजाडलं. इतकी वर्षं तिथल्या पंडितांचे पगार, कागद, छपाई कोणीतरी भरतच राहिलं असणार. शिष्यवृत्तीचा हट्ट मी सोडते.

एकदम मोठी रक्कम जमणार नाही. दरमहा 10 पौंड, बिनशर्त, गिफ्ट एडसकट चालेल का?

---

ताई, उत्तम. गिफ्ट एड धरून त्यांच्या हातात महिन्याला साडेबारा पडतील, आणि दर महिन्याला नक्की येणारे पडतील. समितीपुढे मी आता मंडळाच्या देणगीऐवजी सभासदांना आवाहन करण्याचा ठराव मांडतो. अनुमोदक म्हणून तुमचं नाव घालू का?