खांबामागे दर टर्नला लपणारा रोग: चालू द्यावं की नाही?

वीसफाशी (धागाकर्ता)

आमच्या टेबलावर हा वाद दर सेशनला उकरला जातो, म्हणून शेवटी इथे टाकतोय. आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, पात्रं वठवत खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो, २०१४चे नियम. रोगला (आजार नव्हे, क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार: चोरटा) दुसऱ्या लेव्हलला कनिंग ॲक्शन मिळते आणि तेव्हापासून तो बोनस ॲक्शनवर (टर्नमधली जादा छोटी क्रिया) लपू शकतो. मग प्रत्येक लढाई अशी: खांबामागून डोकं काढायचं, बाण सोडायचा, परत खांबामागे, स्टेल्थचा (लपण्याच्या कौशल्याचा) रोल, पुढच्या टर्नला पुन्हा तेच. दर वेळी ॲडव्हान्टेज, म्हणजे वीस बाजूंचे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा.

माझं म्हणणं सरळ आहे. समोरच्या ऑर्कने (राक्षसी शत्रू) त्याला खांबामागे जाताना पाहिलंय. खोलीत खांब एकच आहे. मग हा लपला कुठे? लपण्याजोगी परिस्थिती आहे की नाही हे डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) ठरवायचं, असं नियमांतच आहे. म्हणून मी ठरवलं: एका जागेवरून एकदाच. दुसऱ्यांदा त्याच खांबामागे गेलात तर ऑर्क टपून बसलेला असणार, ॲडव्हान्टेज मिळणार नाही. जागा बदला, मग बघू. आमचा रोग तेव्हापासून फुगून बसलाय. तुमचं काय मत?

कोपऱ्यातला खंजीर

असहमत, आणि जोरात. पाचव्या लेव्हलला फायटरला दुसरा वार मिळतो, विझर्ड फायरबॉल टाकून ८ फासे उधळतो. "मघाशीच टाकला होतास की, आता ते सावध झालेत" असं विझर्डला कोणी सुनावतं का? रोगच्या हातात एकच बाण. तो चुकला की टर्न पाण्यात. ११ किंवा त्यावर पडायला हवं असेल तर नुसता रोल ५० टक्के, ॲडव्हान्टेजने ७५. त्या २५ टक्क्यांवर या क्लासचं पोट आहे.

आणि "कुठे आहे ते माहीत आहे" म्हणजे नक्की काय माहीत आहे? डावीकडून निघेल की उजवीकडून, उभा की वाकून, आत्ता की तीन सेकंदांनी? एक राउंड ६ सेकंदांचा. तेवढ्या वेळात तुमच्या ऑर्कच्या नाकासमोर फायटरची तलवार फिरतेय. त्याने खांबाकडे टक लावून बघत बसावं अशी अपेक्षा असेल तर फायटरचा अपमान आहे तो.

वीसफाशी

फायटर ऑर्कला भिडलेला असेल तर रोगला लपायची गरजच काय? शत्रूच्या ५ फुटांत आपला साथीदार उभा असला की स्नीक अटॅक (रोगचे जादा इजेचे फासे) असाही लागतो. पाचव्या लेव्हलचे ते ३ फासे, सरासरी साडेदहा, मी कुठे काढून घेतलेत? मी फक्त फुकटचं ॲडव्हान्टेज काढलंय.

कोपऱ्यातला खंजीर

फुकटचं नाही हो, बोनस ॲक्शन मोजून घेतलेलं. तीच बोनस ॲक्शन दुसऱ्या हातातल्या खंजिराला देता आली असती, नाहीतर पळायला. किंमत घ्यायची आणि माल द्यायचा नाही, याला काय म्हणायचं?

नियमबोका

दोघांनी जरा थांबा. नियम जितके ढिले आहेत असं धागाकर्त्याला वाटतंय तितके नाहीत, आणि खंजीर म्हणतात तितके घट्टही नाहीत.

२०१४च्या पुस्तकात लपायला दोन गोष्टी लागतात: समोरच्याला तुम्ही स्पष्ट दिसत नसणं, आणि तुमचा स्टेल्थचा आकडा त्याच्या पॅसिव्ह पर्सेप्शनपेक्षा (मुद्दाम न शोधताही लक्षात येण्याचा ठरलेला आकडा) जास्त असणं. "मघाशी कुठे दिसला होता" याला त्यात स्थान नाही. उलट लाइटफूट हाफलिंगला (खेळातली बुटकी जमात) आपल्याहून एक साइझ मोठ्या प्राण्यामागेही लपता येतं. भर लढाईत साथीदाराच्या पाठीमागे लपायचं! असली मुभा देणाऱ्या डिझायनरांच्या डोक्यात "एका जागेवरून एकदाच" होतं असं मला वाटत नाही.

पण त्याच पुस्तकात हेही आहे की लढाईत बहुतेक प्राणी चहूबाजूंनी सावध असतात, त्यामुळे लपलेल्या जागेतून बाहेर येऊन जवळ गेलात तर सहसा दिसताच. म्हणजे खंजीर घेऊन अंगावर जाणाऱ्या रोगला डीएम थांबवणार आणि ३० फुटांवरून बाण मारणारा मात्र मजेत. विषमता असेल तर ती इथे आहे, आणि तिच्याबद्दल कोणी धागा काढत नाही.

खरी गोची आकड्यांची आहे. साध्या ऑर्कचं पॅसिव्ह पर्सेप्शन १०. पाचव्या लेव्हलच्या रोगचा स्टेल्थ, एक्सपर्टिझ (दुप्पट प्रावीण्य) धरून, आरामात +९. त्याला १ पडला तरी बरोबरी होते! हा रोल नाहीच, नुसती औपचारिकता आहे. म्हणून माझा तोडगा: त्याच जागी दुसऱ्यांदा लपलात तर शोधणाऱ्याला ॲडव्हान्टेज समजा. पॅसिव्हमध्ये त्याचे ५ वाढतात, ऑर्क १५वर जातो. लपता येईल, पण रोलकडे बघावं लागेल.

मशालवाला

नियमबोका, तोडगा छान आहे, पण मूळ दुखणं वेगळंच आहे. तुम्हा सगळ्यांचे ऑर्क जागचे हलतच नाहीत! लपाछपीत ज्याच्यावर राज्य आहे तो भिंतीला पाठ लावून बसून राहिला तर दोष लपणाऱ्याचा?

ऑर्कची चाल ३० फूट. खांबाला वळसा घालायला कितीशी लागते? पलीकडे गेला की आडोसाच संपला, रोग उघडा पडला. पर्सेप्शनचा प्रश्नच येत नाही. नाहीतर ॲक्शन राखून ठेवा: "तो डोकावला की भाला फेकतो." नाहीतर सर्च ॲक्शन घ्या. नाहीतर स्वतःच दाराआड व्हा आणि रोगला बाहेर यायला लावा. नवा नियम काढण्याआधी हे सगळं करून पाहिलंत का? मी डीएम असतो तेव्हा शत्रू पहिल्या बाणानंतर पांगतात. रोगची नाटकं तिथेच अर्धी होतात, आणि त्याचा हक्क मारल्यासारखंही वाटत नाही कोणाला.

वीसफाशी

वळसा घालायला निघाला की फायटरची ऑपॉर्च्युनिटी अटॅक (जवळून सटकणाऱ्यावर मिळणारा जादा वार) बसते. आणि भाला राखून ठेवला तर त्या ऑर्कची अख्खी ॲक्शन रोगच्या नावावर गेली.

मशालवाला

मग गेली तर गेली! एका ऑर्कला रोगने अडकवून ठेवलं, ही त्याची कमाई नाही का?

तीन क्रिया

पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीने हे भांडण २०१९मध्येच मिटवलंय. तिथे "लपलेला" आणि "ठावठिकाणा लागत नसलेला" या दोन वेगळ्या अवस्था आहेत. खांबामागे लपलात तर तुम्ही फक्त हिडन: शत्रूला नकाशावरचा तुमचा चौकोन ठाऊक आहे, पण तुमच्यावर वार करायचा तर आधी नुसत्या फाशावर ११ किंवा जास्त पडायला हवं. तिथून चोरपावलांनी, अर्ध्या चालीने, दुसरीकडे सटकलात तर अनडिटेक्टेड. मग त्याने चौकोनाचा अंदाज बांधत बसायचं. दोन्हींत तुमच्या वारापुढे तो बेसावधच धरतात. म्हणजे धागाकर्त्याचा आक्षेपही ऐकला आणि रोगचं नुकसानही नाही. रोल जीएम (तिथला डीएम) गुपचूप करतो, त्यामुळे आपण नीट लपलोय का हे खेळाडूलाही कळत नाही. ही धाकधूक मला फार आवडते.

नियमबोका

मिटवलंय खरं, पण हिशेबाची वही उघडून. पाच शत्रू, दोन लपणारे, आणि कोणाला कोण कितपत ठाऊक आहे याच्या दहा जोड्या जीएमने सांभाळायच्या. डिजिटल नकाशावर ठीक. कागदावर खेळताना निम्मं टेबल मोबाइल बघायला लागतं.

दारामागची सावली

इथे अजून कोणी २०२४च्या नियमांचं नाव कसं काढलं नाही? आता लपायचं तर दाट अंधार-धुकं, पाऊण किंवा पूर्ण कव्हर (आडोसा) हवं, कोणत्याही शत्रूच्या नजरेत नसायला हवं, आणि स्टेल्थवर किमान १५ पडायला हवेत. जमलं की तुम्हाला चक्क इनव्हिजिबल ही कंडिशन मिळते. कुजबुजीपेक्षा मोठा आवाज केलात, अटॅक रोल केलात, मंत्र मोठ्याने म्हणायचा स्पेल टाकलात किंवा शत्रूने शोधून काढलं, की संपली.

१५चा उंबरठा मला पटतो. ऑर्क असो की ड्रॅगन, लपण्याचा आकडा खेळाडूला आधीच ठाऊक. पण "शोधून काढलं" म्हणजे नक्की काय? मी लपले, आणि मग भर उजेडात खोलीच्या मध्यावर येऊन उभी राहिले. शब्दशः वाचलं तर समोरच्याने पर्सेप्शनचा रोल मारेपर्यंत मी अदृश्य! कुठलाही शहाणा डीएम हे चालू देणार नाही. पण मग तेच झालं ना, शेवटचा शब्द डीएमचा.

वीसफाशी

मी पहिल्यापासून हेच म्हणतोय!

दारामागची सावली

नाही, तुम्ही उलटं म्हणताय. नियम मूर्खपणा करतो तिथे डीएमने अडवावं. आडोसा आहे, नजर चुकवलीय, रोल जमलाय, अशा ठिकाणी नियम नीट चालतो. तुम्ही तो नेमका तिथे अडवताय.

जुनी पत्रावळ

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या साडेतीनव्या आवृत्तीत लपून बाण मारून पुन्हा लपायला रोलमधून २० वजा व्हायचे. वीस! शिवाय लपणं वेगळं स्किल आणि आवाज न करता चालणं वेगळं. त्या काळात आमचे रोग निमूटपणे शत्रूच्या मागे जाऊन उभे राहायचे. चालू द्या तुमचं.

कोपऱ्यातला खंजीर

धागाकर्त्यांना एकच विचारतो. गोब्लिनलाही निंबल एस्केपमुळे बोनस ॲक्शनवर लपता येतं, स्टेल्थ +६. झुडपातून बाण, परत झुडपात. पहिल्या लेव्हलच्या पार्टीचा (खेळाडूंच्या टोळीचा) जीव यातच जातो. तुमचा "एका जागेवरून एकदाच" हा नियम त्यांनाही लागू आहे, की फक्त आमच्यासाठी?

वीसफाशी

त्यांनाही लागू. पुढच्या सेशनला बारा गोब्लिन आहेत आणि जंगल दाट आहे. कुठल्या झुडपातून कोण एकदा येऊन गेलं याची नोंद ठेवायला रोगलाच बसवतो.

कोपऱ्यातला खंजीर

तो ठेवेल. बाराव्या झुडपापर्यंत तुमचा नियम टिकला तर इथे येऊन सांगा.