एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आहे, आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) भरतेय, मुंबईत व्हिसा स्टॅम्पिंगला जावं का?

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत एच-१बीवर, नवरा अमेरिकन नागरिक. लग्न रजिस्टर झालंय, आय-१३० (नवऱ्याने माझ्यासाठी भरायची इमिग्रंट पिटिशन) आणि आय-४८५ एकत्रच भरतोय. मेडिकलचा आय-६९३ तयार आहे. जन्मदाखल्यावर माझं नावच नव्हतं, तेही सांगलीला बाबांनी खेटे घालून घालून घेतलं, त्यामुळे तो विषय मिटला.

अडचण प्रवासाची. डिसेंबरात धाकट्या भावाचं लग्न आहे, न जाऊन कसं चालेल! आय-७९७ची (एच-१बीच्या मंजुरीपत्राची) मुदत २०२७ पर्यंत आहे, पण पासपोर्टवरचा व्हिसा स्टॅम्प संपलाय. अ‍ॅडव्हान्स पॅरोल (अर्ज प्रलंबित असताना बाहेर जाऊन परतायची परवानगी) तोवर येईल याचा भरवसा नाही. वैध एच-१बी व्हिसावर त्याच कंपनीत परतलं तर आय-४८५ बाद होत नाही, हा नियम वाचलाय. वकीलही तेच म्हणतात, कॉन्सुलेटचं विचारलं की मात्र गुळमुळीत बोलतात. ईएडी (वेगळं वर्क परमिट) आलं तरी वापरणार नाही, एच-१बी टिकवायचंय.

लग्नाच्या आधारावरचा आय-४८५ प्रलंबित असताना मुंबईत एच-१बीचं स्टॅम्पिंग केलेलं कुणी आहे का? डीएस-१६०मध्ये (व्हिसाच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये) इमिग्रंट पिटिशनच्या प्रश्नाला 'हो' लिहिल्यावर मुलाखतीत काय विचारलं? की आय-४८५च मी भारतातून परतल्यावर भरावा?