आपलीच पेठ, पण पायी

आपल्याच गल्लीत चालून काय नवीन दिसणार असं कुणी विचारलं, तर मी पुण्यातल्या माझ्या कसबा पेठेचं सांगते. इथे लहानाची मोठी झाले पण गाडीवरून भुर्रकन जायचे, मागच्या वर्षी गाडी महिनाभर गॅरेजला होती तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं सगळं. तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या तांबट आळीत सकाळी ठोक्यांचा आवाज सुरू झाला की थांबाच, एक काका हंडा मठारत, म्हणजे हातोडीने ठोकत बसलेले असतात, प्रत्येक ठोक्याची खूण आधीच्या खुणेला अगदी चिकटून, हात जराही चुकत नाही. मग नागझरीचा ओढा ओलांडून सोमवार पेठेत त्रिशुंड गणपती. १७५४ साली काम सुरू झालेलं, काळ्या दगडाचं देऊळ, आत मोरावर बसलेला तीन सोंडांचा गणपती. दर्शनी भिंतीवर गेंड्याला साखळीने बांधणारा शिपाई कोरलाय, तो आवर्जून शोधा! संस्कृत आणि फारसी शिलालेखपण आहेत. एवढं घरापासून दहा मिनिटांवर असून मी तीस वर्षं बघितलं नव्हतं याचं खरंच वाईट वाटलं. आता दर रविवारी लेकीला घेऊन जाते, सातच्या आत निघा, नंतर ट्रॅफिकमध्ये ठोके ऐकूच येत नाहीत.