विमान उशिरा सुटतं ते हँगरमुळे (म्हणजे दुरुस्ती विभागामुळे) की वेळापत्रकामुळे?

राखीव_गडी (धागाकर्ता)
माझं मत: बिघाड एक असतो, त्याचे सहा उशीर वेळापत्रक करतं. समजा, ४० विमानं, प्रत्येकाची दिवसाला ६ उड्डाणं, एकूण २४०. डिस्पॅच रिलायबिलिटी (तांत्रिक अडचणीविना सुटणाऱ्या उड्डाणांचं प्रमाण) ९९.२ टक्के धरली तरी रोज दोन उड्डाणं तांत्रिक कारणाने अडणारच. त्यातलं एक सकाळचं पहिलं असेल आणि ९० मिनिटं रखडलं, तर? टर्नअराउंड (उतरल्यापासून पुन्हा निघेपर्यंतची तयारी) ४० मिनिटांचं, घाई करून ३० मिनिटांत उरकतं. पाच टर्नअराउंडमध्ये भरून निघतात ५० मिनिटं. रात्रीचं शेवटचं उड्डाण तरीही ४० मिनिटं उशिराच. एक राखीव विमान तयार उभं असतं तर पुढची साखळी तुटली असती. पण उभं विमान हिशेबवाल्यांच्या डोळ्यांत खुपतं.

टॉर्क_रेंच
साफ असहमत. राखीव विमान मिळालं की दोष मुळापासून काढायची घाईच उरत नाही. एअरबस ए३२० वर ब्लीड फॉल्ट (इंजिनातून घेतल्या जाणाऱ्या दाबाच्या हवेच्या यंत्रणेतला दोष) आला की पहिल्यांदा तो दाब नियंत्रित करणारा प्रेशर रेग्युलेटिंग व्हॉल्व्ह बदलून मोकळे होतात. खरा दोष थर्मोस्टॅटमध्ये किंवा सेन्स लाइनच्या (व्हॉल्व्हला दाब कळवणाऱ्या बारीक नळीच्या) गळतीत असेल तर तीन दिवसांत तीच तक्रार परत, आणि काढलेला व्हॉल्व्ह शॉपमधून (सुटे भाग तपासणाऱ्या कार्यशाळेतून) 'दोष आढळला नाही' असा शेरा घेऊन येतो. पार्ट नाही म्हणून शेजारच्या विमानाचा काढून लावला तर काम दुप्पट: दोनदा काढा, दोनदा बसवा, दोनदा टेस्ट करा. शिवाय ते विमान तेवढा वेळ लंगडं. हे सगळं हँगरचं पाप आहे, वेळापत्रकाचं नाही.

राखीव_गडी
गळती शोधायला वेळ कोण देतं? विमान रात्री १ ला उतरतं, पहाटे ५.३० ला निघतं. इंजिन थंड होऊ द्या, काउल (इंजिनावरचं झाकण) उघडा, लाइन तपासा, मग रन-अप (जमिनीवर इंजिन चालवून चाचणी). आणि रात्री आवाजामुळे रन-अपला बऱ्याच विमानतळांवर बंदी. अशा साडेचार तासांत व्हॉल्व्हच बदलला जाणार!

रोटेशन_डेस्क
दोघांच्या मधल्या जागेबद्दल कुणी बोलतच नाही: एमईएल, म्हणजे कोणता दोष असताना विमान किती दिवस उडवता येतं त्याची यादी. सी कॅटेगरीचा दोष १० दिवस पुढे ढकलता येतो, बीचा ३. पण ढकलला म्हणजे मिटला असं नाही. एपीयू (जमिनीवर वीज आणि इंजिन सुरू करायला हवा देणारं छोटं सहायक इंजिन) बंद असलेलं विमान एअर स्टार्ट युनिट (बाहेरून ती हवा देणारं यंत्र) नसलेल्या स्टेशनवर (विमानतळावर) पाठवलं, तर एक इंजिन चालू ठेवून टर्नअराउंड करायची कसरत, किंवा विमान तिथेच अडकलं. कंट्रोलकडे पुढे ढकललेल्या दोषांची यादी असते, पण टेल नेमणारा (कोणतं विमान कोणत्या उड्डाणाला जाणार ते ठरवणारा) ती बघतो का? आणि दहाव्या दिवशी पार्ट ज्या स्टेशनवर आहे तिथे विमान रात्री मुक्कामाला हवं. हे आठवडाभर आधी ठरवायचं काम आहे.

टॉर्क_रेंच
हे मात्र मान्य. यादी सकाळच्या बैठकीत वाचून दाखवतात आणि विसरतात.

कोअर_इंजिन
तुमची भांडणं मिनिटांची चाललीत, खरा फटका इंजिनांचा. ४० विमानं, ८० इंजिनं, प्रत्येकाची दर चार वर्षांनी एक शॉप व्हिजिट (कार्यशाळेत मोठी दुरुस्ती), म्हणजे वर्षाला २०. शॉपमध्ये ७५ दिवस लागत असतील तर एका वेळी साधारण ४ आत; ६ सुटी (राखीव) इंजिनं पुरून उरतात. तेच ३०० दिवस झाले की १६ आत. दहा कमी पडली, म्हणजे जोड्या जुळवूनही ५ विमानं जमिनीवर. ही कल्पना नाही: ए३२०निओच्या पीडब्ल्यू११००जी या इंजिनाचे भाग बनवायच्या धातूच्या भुकटीतला दोष २०२३ मध्ये जाहीर झाला, तेव्हा प्रॅट अँड व्हिटनीच्या मूळ कंपनीने शॉपचा अंदाज २५० ते ३०० दिवस दिला होता. हँगर कितीही चोख असो, याला काय करणार?

राखीव_गडी
म्हणूनच एकाच प्रकारचा ताफा घातक. बोइंग ७३७ मॅक्स मार्च २०१९ मध्ये उड्डाणबंदीमुळे जमिनीवर आलं, अमेरिकेत पुन्हा उडायची परवानगी मिळाली नोव्हेंबर २०२० ला.

कोअर_इंजिन
ताफा दोन प्रकारचा केला की राखीव विमानंही दोन जातींची लागतात, पायलटांचं रेटिंगही (त्या प्रकारचं विमान चालवायचा परवाना) वेगळं. ए३२०निओवर निदान कॉकपिट तेच ठेवून अर्ध्या ताफ्याला लीप हे दुसऱ्या कंपनीचं इंजिन घेता येतं. पण मग सुट्या इंजिनांचे साठे दोन, आणि एकाचं दुसऱ्याला बसत नाही. ४० विमानांच्या कंपनीला ते परवडतं का, ते आधी मांडा.