‘लॉगिन स्क्रिप्ट म्हणजे आळशांचा धंदा’ म्हणणाऱ्या साहेबांना

उद्यमबागकर: काल एका साहेबांनी लिहिलं, "पन्नास मशिनींवर लॉगिन स्क्रिप्टनं सॉफ्टवेअर टाकणं म्हणजे आळशांचा धंदा. इन्ट्यून घ्या, नाहीतर हातानं टाका." डोकं फिरलं वाचून. इन्ट्यूनचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरून मशिनी सांभाळायच्या सेवेचं, दरमहा माणशी भाडं कोण भरणार, यांचे काका? आमच्या फौंड्रीत डोमेन आहे, म्हणजे सगळ्या मशिनी एका सर्व्हरच्या हुकमात. नेटलॉगॉन या सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये चार ओळींची बॅच फाईल, लॉगिन केलं की आपोआप चालणारी: प्रोग्रॅम आहे का बघायचं, नसेल तर एमएसआय (इन्स्टॉलची फाईल) गुपचूप टाकायचा, नोंद सर्व्हरवर. पेन ड्राइव्ह घेऊन मी टेबलाटेबलानं फिरू काय?

टिळकवाडीची_ताई: भाऊ, लॉगिन स्क्रिप्ट लॉगिन करणाऱ्याच्याच अधिकारात चालते. साध्या क्लार्कला प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहिता येत नाही. म्हणजे तुमच्याकडे एकतर सगळेच ॲडमिन, मशिनवर पूर्ण हक्क असलेले, नाहीतर स्क्रिप्टमध्ये ॲडमिनचा पासवर्ड. यातलं कुठलं पाप? नेटलॉगॉन डोमेनमधला कुणीही उघडून वाचतो.

उद्यमबागकर: सगळे ॲडमिन आहेत. आजवर काही झालं नाही.

टिळकवाडीची_ताई: आमच्या ओळखीच्या एका सोसायटीतही काही झालं नव्हतं. मग एका टेबलावर कुणीतरी मेलमधलं ‘बिल’ उघडलं आणि सगळ्या फाइल्स कुलूपबंद. स्टार्टअप स्क्रिप्ट लावा, ती मशिन चालू होताना विंडोजच्या स्वतःच्या, पूर्ण हक्काच्या सिस्टिम खात्यात चालते. फक्त पॅकेज ठेवलेल्या शेअर फोल्डरवर ‘डोमेन कॉम्प्युटर्स’ या गटाला वाचायची परवानगी द्या, नाहीतर मशिनला फाईलच दिसत नाही.

खानापूरवाला: स्टार्टअपचं कौतुक आम्हाला नको सांगू ताई. दहा वाजता लाईट येते, चाळीस मशिनी एकदम चालू. पॅकेज ७०० एमबीचं, म्हणजे २८ जीबी, आणि सर्व्हर १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिट) जुन्या स्विचवर. पाऊण तास नुसता केबलवर जातोय. वर ग्रुप पॉलिसीची, म्हणजे सर्व्हरवरून सगळ्या मशिनींना लावलेल्या नियमांतली, स्क्रिप्ट १० मिनिटांनी मारली जाते, ठरलेली मर्यादा ६०० सेकंद. अर्धवट इन्स्टॉल कोण निस्तरणार?

निपाणीकर: तुमचं इन्स्टॉल राहू दे. आमच्या ऑफिसात मराठी अर्ज उघडला की भुताची अक्षरं दिसतात. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टातले कागद, तो फॉन्ट कुणी टाकत नाही. कन्नडचं नुडी सॉफ्टवेअर मात्र प्रत्येक मशिनवर!

अथणीकर: सरकारी कागद कन्नडमध्ये जातो, मग नुडी नको काय? प्रत्येक धाग्यात सीमाप्रश्न कशाला आणालास?

निपाणीकर: मी फॉन्ट मागालोय, जिल्हा नाही. माझ्या आईचा पेन्शनचा अर्ज त्या अक्षरांपायी परत आला, तुझ्या आईचा आला काय?

अथणीकर: आईवर जाऊ नको. माझ्याकडं दोन्ही भाषांचं काम येतं, दोन्ही कीबोर्ड लावतो. रडत बसत नाही.

खानापूरवाला: दोघंही युनिकोडात लिहा, ते कुठल्याही मशिनवर दिसतं, आणि गप्प बसा.

निपाणीकर: वीस वर्षांचे कागद तू येऊन टाईप करणार आहेस काय?

टिळकवाडीची_ताई: भांडणातून एक कामाचं निघालं. कीबोर्डची निवड ज्याच्या-त्याच्या खात्यात साठते, तिथं लॉगिन स्क्रिप्टच योग्य. विंडोजमधले कीबोर्डचे कोड: मराठी ०००००४४ई, कन्नड ०००००४४बी. फॉन्टसुद्धा विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून ॲडमिनशिवाय स्वतःपुरता टाकता येतो. निपाणीकर, आता तरी टाका.

उद्यमबागकर: म्हणजे शेवटी लॉगिन स्क्रिप्ट लागतेच! साहेबांना निरोप द्या कुणीतरी.

टिळकवाडीची_ताई: सेटिंगसाठी लागते. एमएसआयसाठी नाही. आणि विंडोज ८.१ पासून ग्रुप पॉलिसीतली लॉगिन स्क्रिप्ट पाच मिनिटं उशिरा सुरू होते, हे ठाऊक आहे ना? क्लार्क एंट्री मारत असतानाच तुमचं ‘गुपचूप’ सुरू होतंय.

उद्यमबागकर: तरीच अकाउंट्सवाल्या वहिनी रोज सकाळी माझ्या नावानं ओरडतात. बरं, तुम्ही शहाण्या. एमएसआय स्टार्टअपला टाकतो, खानापूरवाला म्हणतोय म्हणून रोज दहाच मशिनी. ॲडमिन मात्र काढणार नाही, मालकांनाच गेम टाकायचे असतात.

खानापूरवाला: आधी स्विच बदल म्हणावं मालकांना.