कोकॅनी आणि बास : जलाशय एकच असला तरी तयारी वेगळी लागते का?

प्रश्न – गोदाकाठचा गळकरी
मी नाशिकचा असून गोदावरीच्या काठावर बसून, कणकेचे गोळे किंवा गांडुळे लावून रोहू आणि मृगळ धरण्याचा मला अनेक वर्षांचा छंद आहे. जुलैमध्ये मुलीकडे अमेरिकेतील आयडाहो राज्यात जाणार आहे. तेथील ड्वॉरशॅक जलाशयात कोकॅनी सॅमन आणि बास हे दोन्ही मासे मिळतात, असे जावईबापूंनी कळवले आहे. (नाव ऐकून सौ. विचारत होत्या की हा मासा कोकणातून तिकडे कधी गेला!) त्यांनी पाठवलेल्या दोन छायाचित्रांत एक कोकॅनी चंदेरी आहे, तर दुसरा लालभडक आणि पाठीला कुबड आलेला. हा एकच मासा आहे का, आणि काठावरून गळ टाकण्याचा माझा सराव तेथे उपयोगी पडेल का?

उत्तर – पूर्वी आयडाहोत राहिलेला
दोन्ही एकच. कोकॅनी हा समुद्रात न जाता गोड्या पाण्यातच आयुष्य काढणारा सॉकाय सॅमन आहे. तो साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी शरद ऋतूच्या सुमारास लाल होऊन ओढ्यांत चढतो आणि अंडी घातल्यावर मरतो. आपण जुलैमध्ये जाणार, म्हणजे चंदेरीच मिळेल, आणि खाण्यासाठी तोच चांगला.

मात्र काठावरून तो मिळण्याची आशा ठेवू नये. त्याचे मुख्य अन्न पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव आहेत आणि त्याला सुमारे १० ते १३ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते; त्यामुळे उन्हाळ्यात वरचा थर तापला की त्याचे थवे खोल, गार थरात उतरतात. म्हणून तेथील लोक नाव अगदी सावकाश चालवत, डाउनरिगरच्या जड वजनाने दोरा नेमक्या खोलीवर नेऊन, चकाकत्या पत्र्यामागे छोटे आमिष ओढतात आणि गळाला मक्याचा एखादा दाणा लावतात. मासा लागला की हिसका देऊ नका. त्याचे तोंड इतके नाजूक असते की गळ फाटून निघतो. मी पहिल्या दिवशी रोहूच्या सवयीने हिसका दिला आणि लागोपाठ तीन मासे गमावले.

उत्तर – मरळवाला
बाससाठी मात्र आपला सराव कामी येईल, पण रोहूचा नव्हे, मरळीचा. बास दबा धरून बसतो. ड्वॉरशॅकमधील स्मॉलमाउथ जातीचा बास खडकाळ उतार आणि बुडालेली झाडे यांच्या आसऱ्याला असतो. मरळ जशी पिलांची राखण करते, तसा नर बासही घरट्यावर पहारा देतो, परंतु जुलैपर्यंत तो काळ बहुधा सरलेला असतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. जुलैत आपले गंगापूर धरण भरू लागते. तेथेही पाणी वाढत असेल का?

उत्तर – पूर्वी आयडाहोत राहिलेला
उलट असते. तो जलाशय वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने जूनअखेरीस भरतो आणि खालच्या नदीतील सॅमनसाठी गार पाणी सोडल्यामुळे सप्टेंबरपर्यंत सुमारे २४ मीटर उतरतो. त्यामुळे पहिल्या आठवड्यात बास मिळालेला खडक नंतर कोरडा पडलेला दिसेल, तेव्हा जागा रोज नव्याने हेरावी लागेल. परवाना जावईबापूंना आधीच काढायला सांगा. सामान येथून नेऊ नका. हलकी, लवचीक काठी तेथेच घ्या.