आई एकटी येते आहे, तिच्या बॅगांचं काय करू?

प्रेषक: मंडळाची सभासद, सध्या मुक्काम त्रिमूर्ती नगर, नागपूर

नमस्कार मंडळी,

तीन आठवड्यांपासून नागपुरात आहे. पुढच्या शनिवारी आई पहिल्यांदाच एकटी अमेरिकेला येते आहे आणि मला मात्र तिच्याआधी चार दिवस परतावं लागतंय. नागपूर-मुंबई, मग मुंबई-नेवार्क. दोन बॅगा हॉलमध्ये उघड्या पडल्या आहेत आणि घरी येणारा प्रत्येक जण त्यात काहीतरी ठेवून जातो.

आईला धास्ती आहे ती बॅगांचीच. बाबा शेवटचे आले तेव्हा एका बॅगेचं कुलूप तुटलेलं होतं. आजीची चांदीची अत्तरदाणी गेली. आम्ही ते घरी आल्यावर पाहिलं, आणि तक्रार कुठे, कशी करायची हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. बाबांना ते फार लागलं होतं.

सीताबर्डीवरून नवी कुलपं आणली आहेत. विमानतळावर प्लास्टिक गुंडाळून घ्यावं का? आणखी काय करू? अनुभव असेल त्यांनी कृपया लिहा.

प्रेषक: महिला समितीच्या काकू

अगं, आधी बॅगेतून खोबरं काढ!

सावजी रस्सा करायचा म्हणून कुणीतरी खोबऱ्याच्या वाट्या दिल्याच असतील, मला नागपूरची माणसं माहीत आहेत. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही. त्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमान वाहतुकीत ते ज्वालाग्राही मालात धरतात. एक्स-रेमध्ये दिसलं की बॅग बाजूला काढतात, आणि आई तिकडे विमानात चढण्याच्या रांगेत असताना इकडे बॅग उघडायला तिला शोधत राहतात. तिची फार धावपळ होईल. खोबरं आपल्याकडच्या देशी दुकानात मिळतं.

पॉवर बँकेचंही तसंच. लिथियमची सुटी बॅटरी फक्त हातातल्या बॅगेत न्यायची. मोठ्या बॅगेला चार्जिंगची सोय असलेली बॅटरी बसवलेली असेल तर ती काढून जवळ ठेवायची.

लोणच्याच्या बरणीचं झाकण नुसतं घट्ट करून भागत नाही. इतवारीत पाकीट गरम करून सील करून देतात, तसं दुहेरी करून घे. एकदा माझ्या साड्यांना तेल लागलं ते आजतागायत निघालेलं नाही. आणि आईच्या बीपीच्या गोळ्या, चष्मा, दागिने, कागद यातलं काहीही मोठ्या बॅगेत नको.

प्रेषक: माजी खजिनदार, आता वास्तव्य धरमपेठ, नागपूर

ताई,

तुमच्या बाबांची गोष्ट वाचून वाईट वाटलं. मी अठरा वर्षं तिकडे होतो, दरवर्षी येणं-जाणं होतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहून राहिलो.

कुलपापासून सुरू करतो. अमेरिकेच्या प्रवासात सुरक्षा तपासणीवाले बॅग उघडू शकतात. साधं कुलूप असेल तर तोडतात आणि त्याची भरपाई देत नाहीत. म्हणून लाल चौकटीचं चिन्ह असलेलं, टीएसएला, म्हणजे अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षा तपासणी संस्थेला चालणारं कुलूप घ्या. ते त्यांच्याकडच्या चावीने उघडतं. पण त्यावर सगळा भरवसा नको. त्या चाव्यांचे फोटो बाहेर पडले आणि २०१५ मध्ये त्यांच्या थ्रीडी प्रतींचे नमुने इंटरनेटवर आले. शिवाय चेन साध्या बॉलपेननेही फाकवता येते, आणि चेनचा रनर पुढे-मागे केला की ती पुन्हा मिटते, कुणाला कळतही नाही. रनर बॅगेच्या कडीत अडकवता येत असतील तर तसं कुलूप लावा, म्हणजे चेन पुन्हा मिटवता येणार नाही आणि उघडलेली निदान दिसेल. चेनच नसलेली, क्लिपांनी बंद होणारी कडक बॅग त्याहून बरी. प्लास्टिकने ओरखडे आणि पाऊस अडतो, चोर अडेलच असं नाही. तपासणीत ते कापूनही टाकतात.

खरं तर बॅग चोरीला जाण्यापेक्षा चुकण्याची भीती मला जास्त वाटते. आमच्या सोनेगाव विमानतळावरच घडलेलं सांगतो. पट्ट्यावरून माझी मरून बॅग कुणीतरी घेऊन गेलं आणि मागे तशीच दुसरी उरली. तीच कंपनी, तोच रंग. त्या बॅगेच्या आत, कपड्यांवर, नाव-फोन लिहिलेला कागद होता, म्हणून ते कुटुंब वर्धेच्या वाटेवर असतानाच त्यांना फोन लागला आणि दोन तासांत बॅग परत आली. माझ्या बॅगेत असा कागद नव्हता. त्यांना फोन लागला नसता तर माझी बॅग कुणाची हे त्यांना कसं कळलं असतं? तेव्हापासून बाहेर एक चिठ्ठी आणि आत एक कागद, हे मी कधीच चुकवत नाही. आतल्या कागदावर अमेरिकेतला पत्ता, तुमचा फोन आणि उड्डाणांचे क्रमांक लिहा. हँडलला ठळक रंगाची फीत बांधा. जुन्या प्रवासाचे बारकोडचे स्टिकर, अगदी बाजूला चिकटवलेले लहानसुद्धा, खरवडून काढा. मशीन चुकीचा बारकोड वाचते आणि बॅग भलतीकडे जाते.

एअरटॅग, म्हणजे बॅग कुठे आहे ते आयफोनवर दाखवणारी ॲपलची लहान चकती, बॅगेत जरूर ठेवा. त्यातली बटण-बॅटरी लहान असते, चालते. बॅग हरवलीच तर तिचं ठिकाण विमान कंपनीला कळवण्याची सोय आयफोनमध्ये २०२४ च्या अखेरीस आली आहे.

आता तिकीट. दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर आहेत का ते आजच पाहा. असतील तर नागपूरच्या काउंटरवर बॅगेच्या टॅगवर शेवटचं ठिकाण ईडब्ल्यूआर, म्हणजे नेवार्क, छापलं आहे का ते आईंनी स्वतः वाचायचं. वेगळी तिकिटं असतील तर मुंबईत बॅगा उचलून पुन्हा द्याव्या लागतील. भरपाईतही त्याने फरक पडतो. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागतो, विमान कंपनीने किती भरपाई द्यायची ते त्यात ठरलेलं आहे, भारतात तो २००९ पासून लागू आहे. एकाच तिकिटावर असेल तर नागपूर-मुंबई टप्पाही त्यातच धरला जातो. वेगळ्या तिकिटावर त्या टप्प्याला देशांतर्गत मर्यादा लागते, ती बरीच कमी आहे.

करारातली मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, म्हणजे साधारण दोन हजार डॉलर. बॅगेमागे नाही, माणशी. आणि हे कमाल, आपोआप मिळत नाही. काय गेलं ते दाखवावं लागतं. म्हणून बॅग बंद करण्याआधी आतल्या सामानाचे फोटो काढा, महागाच्या वस्तूंची बिलं फोनमध्ये ठेवा.

नेवार्कला बॅग आली नाही किंवा फुटलेली दिसली तर पट्ट्याजवळच्या काउंटरवर पीआयआर, म्हणजे लेखी तक्रार, करूनच बाहेर पडायचं. कितीही थकवा असो. नुकसान घरी लक्षात आलं तरी हातावर हात ठेवून बसू नका; बॅग मिळाल्यापासून सात दिवसांत लेखी कळवायचं असतं. उशिरा आली असेल तर मिळाल्यापासून एकवीस दिवस. यायला हवी होती त्या दिवसापासून एकवीस दिवसांत आलीच नाही तर ती हरवली असं धरून दावा करता येतो. माझं एकदा चाक तुटलं होतं, घरी कळलं. तिसऱ्या दिवशी फोटो आणि टॅगसह ईमेल केला, दुरुस्तीचा खर्च मिळाला. टॅगची ती चिकट पावती बोर्डिंग पासला चिकटवतात. तिच्यावरचा दहा आकडी क्रमांक आईंच्या फोनमध्ये फोटो काढून ठेवा. त्या क्रमांकावरच सगळा शोध चालतो.

शनिवारी मी आईंसोबत सोनेगावला येतो. धरमपेठेहून मला काही लांब नाही.

प्रेषक: मंडळाची सभासद, त्रिमूर्ती नगर

काका, काय लिहू? आईला तुमची ईमेल मोठ्याने वाचून दाखवली. तिने दोनदा वाचायला लावली.

काकू, खोबरं निघालं. चार वाट्या, शेजारच्या आजींनी दिलेल्या. पॉवर बँकही निघाली, मीच ठेवली होती. तिकीट एकच आहे, तपासलं. दोन्ही बॅगांना आईच्या जुन्या लुगड्याचे हिरवे काठ बांधले आहेत. पट्ट्यावर तिला ते लांबून ओळखू येतील. आतला कागद तिने स्वतः लिहिला, मराठीत आणि इंग्रजीत.

काका, आई म्हणते आहे, शनिवारी निघण्याआधी जेवायलाच या. आणि रविवारी पहाटे नेवार्कला कुणी नातेवाइकांना घ्यायला जाणार असेल तर मला कळवा. मी बाहेर थांबेनच, पण आतून येणाऱ्या कुणाचा आईला पट्ट्याजवळ आधार मिळाला तर बरं होईल.